अर्ध्या मिठाच्या महालक्ष्म्या

मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण या हकिगतीत जो गाढवपणा आहे तो माझाच आहे, आणि रसायनशास्त्राच्या बाईने तो करावा हे मला अजूनही सहन होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "औषधं अर्धं काम करतील. बाकीचं काम तुमच्या किचनमध्ये होणार." दिवसभरात सगळं मिळून चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, त्यापेक्षा कण जास्त नाही. रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत ते भराभर वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच फोन करायचा. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून मीठ मिळतं, तेही यांच्या औषधांबरोबर चालणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता आमचे बाबा म्हणजे अस्सल इंदुरी माणूस. आमचं घर छत्रीबागेत, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी कृष्णपुऱ्यापर्यंत चालत जाऊन मित्रांबरोबर पोहे खाऊन येणं हा त्यांचा नेम. पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावण, म्हणजे आमचा खारट-आंबट इंदुरी मसाला, आणि घरी आल्यावर वरणभातावर पुन्हा शेव. एकदा त्यांनी श्रीखंडाबरोबरही शेव मागितली होती आणि मी दिली नाही म्हणून दुपारभर अबोला धरला होता. या माणसाला अर्ध्या चमच्यात बसवायचं होतं.

मी पहिल्या महिन्यात सगळे जण करतात तेच केलं. त्यांचं वेगळं पातेलं चढवलं. आमची भाजी वेगळी, त्यांची वेगळी. म्हणजे आमच्याच भाजीतली दोन मुठी बाजूला काढून पाण्यात उकडलेली. मीठ नाही आणि मिठाच्या जागी दुसरं काहीच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "हे जेवण आहे का सजा आहे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ते आहे," मी म्हटलं.

"डॉक्टर घरी जाऊन काय खातो, ते विचार त्याला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेतून येऊन दोन-दोन स्वयंपाक करायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं! मीही काहीतरी लागट बोलले. ते उठून गेले. त्यानंतर ते आमच्याबरोबर टेबलाशी बसेनासे झाले. ताट खोलीत मागवायचे आणि अर्धं परत पाठवायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. गावातच दिलेल्या लेकीकडे दर रविवारी जायचे, तेही बंद केलं. "तिच्याकडे जाऊन काय करू? सगळे जेवतील आणि मी बघत बसू?"

ही लेक म्हणजे माझी नणंद. त्या आल्या की आधी बाबांच्या मनगटाकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. "वहिनी, बाबा किती वाळून राहिलेत! पथ्य ठीक आहे, पण माणसाला खाऊ तर द्या ना काहीतरी. थोडा स्वाद तर पाहिजे की नाही?" वन्सं पर्समध्ये शेवेची पुडी घेऊन यायच्या, हे मला ठाऊक होतं. बाबांच्या उशीखाली एकदा सापडली होती. मी ती त्यांच्या देखत कचऱ्यात टाकली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मग आला आषाढ आणि माझा गाढवपणा. बाबा एकादशी धरतात, चतुर्थी धरतात. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची पुरी असते, आणि सगळ्यात 'उपवासाचं', म्हणजे सेंधा नमक, सैंधव. वर्षानुवर्षं आमच्या घरात दोन डबे आहेत. एकात मीठ आणि दुसऱ्यात उपवासाचं. दुसऱ्या डब्यातल्याला आमच्यात कुणी मीठ म्हणतच नाही. मीठ असतं तर उपवासाला चाललं असतं का? तर त्या एकादशीला मी अगदी मोकळ्या हाताने उपवासाचं घातलं. किती दिवसांनी बाबांनी ताट चाटूनपुसून खाल्लं! दुसऱ्यांदा खिचडी मागितली. मला इतकं बरं वाटलं की चतुर्थीलाही तेच केलं, आणि मधल्या एका गुरुवारी, त्यांचा उपवास नसतानाही, "आज फराळाचंच करू का?" असं मीच विचारलं.

शनिवारी सकाळी वजनाचा काटा दोन किलो वर गेला. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडून तसाच राहिला. बाबांना आडवं झालं की श्वास पुरेना. डॉक्टरांनी विचारलं, "काय खायला दिलं?" मी छातीठोकपणे सांगितलं, "मीठ तर मोजूनच देते. फक्त उपवासाला सेंधा नमक." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, सेंधा नमक म्हणजे सोडियम क्लोराईडच ना?"

आदल्याच आठवड्यात मी फळ्यावर ते रासायनिक सूत्रासकट लिहिलं होतं. दवाखान्याच्या त्या खोलीत मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. औषध वाढवून बाबांची सूज उतरली, पण मी कितीतरी दिवस स्वतःच्या नजरेतून उतरलेली होते.

त्या दुखण्यातून उठल्यावर बाबा एके दुपारी मला म्हणाले, "यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी बसणार नाही. तुम्ही लोक बसा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. "सगळ्यांसमोर ते आजाऱ्याचं ताट घेऊन बसायची मला लाज वाटते. मी खोलीतच थोडं खाईन."

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा आमच्याकडे अठरा पानं होतात. दीर-जावा, वन्संचं घर, चुलत घराणं, सगळे. पहिलं पान बाबांचं. ते बसले की बाकीचे बसतात आणि त्यांनी घास घेतला की बाकीचे घेतात. त्या पानावर बाबा नसणार, या कल्पनेने मला रडू आलं. तिथेच, स्वयंपाकघरात. आणि रडून झाल्यावर नेहमीप्रमाणे राग आला आणि रागात मी ठरवून टाकलं की वेगळं ताट नसेलच. अठराच्या अठरा पानांवर बाबांना चालेल तेच वाढलं जाईल, आणि ते कुणाला कळणार नाही.

हे फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताईला एका घासात समजेल. तिची जीभ म्हणजे लॅब आहे."

"मग माझी काय आहे?" मी म्हटलं. हातात सहा आठवडे होते.

रविवारी मी राजवाड्याजवळच्या बाजारात माझ्या नेहमीच्या मसालेवाल्याकडे गेले आणि जीरावणाला लागणारा एक-एक जिन्नस वेगळा मागितला. धणे, जिरं, बडीशेप, लवंग, जायफळ, सुंठ, आमचूर, लाल मिरची. त्याने सवयीने काळं मीठ तागडीत टाकलं. ते मी परत करायला लावलं. त्याचा हात थांबला. "बिना नमक का जीरावण? भाभीजी, फिर वो काय का जीरावण?"

"खाके देखना, भिया," मी म्हटलं. तेव्हा मला स्वतःलाच खात्री नव्हती.

सुरुवातीचे प्रयोग भयंकर होते. मीठ काढलं म्हणून मी तिखट वाढवलं, तर नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भाजी तरीही फिकी. तिखटाने मिठाची उणीव भरत नाही, हे मला तेव्हा कळलं. आंबटाने भरते. आमसूल, चिंच, आमचूर, आंबट ताक. थोडासा आंबटपणा तोंडाला पाणी आणतो आणि मग जीभ मिठाची चौकशी करत नाही. दुसरी गोष्ट भाजण्याची. खोबरं, तीळ, जिरं मी आयुष्यभर घाईघाईत भाजत आले होते. आता मंद आचेवर, चांगलं खमंग होईपर्यंत, शेजारी उभं राहून भाजायला लागले आणि मसाला पुढच्या आठवड्यासाठी म्हणून न कुटता त्याच सकाळी कुटायला लागले.

तिसरी गोष्ट मात्र मला माझ्या विषयानेच शिकवली आणि तिचा मला फार अभिमान आहे. आपण मीठ शिजतानाच घालतो. ते भाजीच्या पोटात जाऊन बसतं आणि जिभेला त्यातलं थोडंच भेटतं. तेच मीठ बारीक कुटून, गॅस बंद केल्यावर, वरून भुरभुरलं की पहिल्याच घासाला जिभेवर येतं. अर्ध्या मिठात काम भागतं. मी नवऱ्याला एकाच भेंडीच्या भाजीच्या दोन वाट्या दिल्या, एक नेहमीच्या मिठाची आणि एक अर्ध्याची. त्याने अर्ध्याची वाटी उचलली आणि म्हणाला, "हिच्यात जास्त आहे." मी ओट्यावर हात आपटून हसले.

बाबांचं पातेलं मी त्या आठवड्यापासून बंद केलं. आम्ही दोघं तेच खायला लागलो जे बाबांना द्यायचं. त्यांना सांगितलं नाही; ताट खोलीतच जात होतं, पण आता रिकामं परत येत होतं.

मात्र यातून नवीनच पंचाईत झाली. तीन-चार आठवड्यांत माझी जीभ बदलली. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या डब्यातली साधी वांग्याची भाजी मला खारट लागली, इतकी की पाणी प्यावं लागलं. म्हणजे आता मला जे बरोबर लागतं ते इतरांना कसं लागेल, हे सांगायला मी नालायक ठरले होते. नवराही ठरला होता. आणि महालक्ष्म्यांचा स्वयंपाक तर चाखायचाच नसतो! नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यातला कण तोंडात घालायचा नाही. कांदा-लसूणही नाही. अठरा माणसांचा स्वयंपाक, निम्मं मीठ, आणि चव न बघता. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते.

सकाळी शेजारच्या काकू पुरणपोळ्या लाटायला आल्या. पोळ्यांचा मिठाशी फारसा संबंध नाही, त्यामुळे त्यांच्यापासून धोका नव्हता. बाकी सगळं मी एकटीने केलं. अळूच्या भाजीत चिंच सढळ घातली. सोळा भाज्यांची भाजी भाजलेल्या तिळाच्या कुटात घोळली. कढीचं ताक आदल्या दिवशीच आंबट करून ठेवलं होतं, त्यात आलं आणि वरून तुपात फुललेलं जिरं. भज्यांच्या पिठात सोडा नाही, कारण सोड्यातही सोडियम असतं आणि हे मला आता कुणी शिकवायची गरज नव्हती; ओवा हातावर चोळून घातला आणि भजी अगदी पान वाढताना तळायची ठरवली. कटाच्या आमटीला खोबरं-जिरं इतकं खमंग भाजलं की काकू बाहेरून म्हणाल्या, "सुगंध कसला येऊन राहिलाय गं!" मीठ मी सकाळीच मोजून, कुटून, प्रत्येक पदार्थासाठी वेगळ्या वाटीत ठेवलं होतं, आणि एकही वाटी मी गॅस बंद होण्याआधी उचलली नाही. लोणचं आणि पापड मी सरळ विसरले. म्हणजे विसरले असं सांगायचं ठरवलं होतं.

मग बाबांच्या खोलीत गेले. "बाबा, चला. पान मांडलंय."

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"आज तुमचं ताट वेगळं नाही. सगळ्यांचं तेच तुमचं. देवीसमोर वेगळं वाढत नाही मी."

ते उठले, कपाटातून रेशमी सोवळं काढलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं दे."

आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला. टेंटवाल्याकडून आणलेल्या लांब टेबलांवर केळीची पानं मांडली होती. आमच्यात पानावर सर्वांत आधी मीठ वाढतात, डावीकडे वरच्या कोपऱ्यात, आणि त्याच्याशेजारी लिंबाची फोड. ते मी कुणाच्या हाती दिलं नाही. अठरा पानांवर चिमूट-चिमूट मीठ मीच वाढलं. बाबांच्याही पानावर वाढलं, कारण बिनमिठाचं पान सगळ्यांना दिसलं असतं. ती चिमूट मी त्यांच्या दिवसाच्या हिशेबात आधीच धरली होती.

बाबांनी पहिला घास घेतला. मग सगळ्यांनी घेतला. मी हातात आमटीचं भांडं घेऊन उभी होते आणि माझं लक्ष कुणाच्या तोंडाकडे नव्हतं, त्या अठरा डाव्या कोपऱ्यांकडे होतं. जेवणात कमी पडलं तर माणूस बोलत नाही, त्याचा हात आपोआप तिथे जातो. वन्संनी आमटीचा भुरका मारला. थांबल्या. भुवई वर गेली. त्यांचा हात पानाच्या डाव्या कोपऱ्याकडे निघाला. हात मिठाच्या वरून पुढे गेला, त्यांनी लिंबाची फोड उचलली आणि अळूवर पिळली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आमटी अजून वाढा. आणि पापड कुठे आहेत?"

"अगंबाई! विसरलेच बघा, वन्सं."

"जाऊ द्या, भजी मस्त झालीयेत. भजीच आणा."

माझा जीव भांड्यात पडला. पंगत उठल्यावर पानं उचलताना मी एक-एक कोपरा बघत गेले. एका मुलाने मीठ पेरूच्या फोडीला लावलं होतं आणि एका दिरांनी सवयीने भातावर घेतलं होतं. बाकी सोळा चिमटी जिथल्या तिथे होत्या. बाबांचीसुद्धा. त्या रिकाम्या टेबलाशी मी एकटीच उभी राहून हसत होते. बोर्डात पहिली आले असते तरी मला इतका आनंद झाला नसता.

हात धुऊन बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आज तू माझ्यासाठी पथ्य मोडलंस. कितीतरी महिन्यांनी माणसात बसून जेवलो. डॉक्टरला मी काही सांगणार नाही." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं, पण मी गिळलं. पुरावा हातात आल्याशिवाय मी निष्कर्ष सांगत नाही.

दुसऱ्या सकाळी बाबा काट्याच्या वाटेलाच जाईनात. "आज विसर्जन आहे. आज वजन-बिजन नको. उद्या करू." मी काटा उचलून त्यांच्या खाटेसमोर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. अखेर चिडून, शाळेतल्या पोरासारखे डोळे मिटून ते चढले.

"बघा तरी खाली," मी म्हटलं.

आकडा आदल्या सकाळचाच होता. त्यांनी वाकून घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. दुसरा पाय दाबला. तिथेही नाही.

"हा काटा बिघडलाय," ते म्हणाले.

"काटा ठीक आहे. पथ्य मोडलंच नव्हतं मी, बाबा. काल सगळ्यांचं जेवण तुमचंच होतं. अठराही पानं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "सगळ्यांनी? हिनेसुद्धा?" हिने म्हणजे लेकीने. मी मान हलवली. ते खाटेवर बसले, आणि मग हसायला लागले; खांदे हलेपर्यंत, खोकला येईपर्यंत हसले. हसता-हसताच रडले आणि उपरण्याने डोळे पुसले. आणि ताबडतोब फोन मागितला.

"काय गं, काल आमटीत काही कमी होतं का?" त्यांनी स्पीकर लावला होता, मला ऐकू यावं म्हणून.

"कमी? मी तर तीनदा घेतली, बाबा. का?"

"मग ऐक. काल तू पथ्याचं जेवलीस. सगळेच जेवले." आणि लगेच पुढे म्हणाले, "या रविवारी मी तुझ्याकडे येतो. माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही. जे मला, तेच सगळ्यांना."

वन्संचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा खालच्या पट्टीत. "वहिनींना द्या फोन. ...वहिनी, मीठ कधी घातलं होतं तुम्ही?"

"सगळ्यात शेवटी, वन्सं," मी म्हटलं. "वही-पेन घ्या. सांगते."